उजव्या हाताची शिफ्ट

बारसं असो, जावळ असो, नाहीतर कुणाचं लग्न, जिथे लहान मुलं असतील तिथे मला न्यायची माझ्या नवऱ्याला धास्तीच वाटते. बाकीचे लोक पाळण्यात वाकून बाळाचं नाक कुणावर गेलंय ते बघतात आणि मी बाळाच्या मुठी बघते. अंगठा आत आहे की बाहेर, मान एकाच बाजूला वळतेय का, दोन्ही पाय सारखे झाडतंय का. एकदा पंगतीत मी शेजारच्या बाईंच्या मांडीवरचं मूल कौतुकाने घेतल्यासारखं करून हळूच पुढे झुकवलं, ते सावरायला हात पुढे करतं का हे बघायला. त्याने दोन्ही हात झकास पुढे केले. त्याच्या आईने मात्र ते ओढून घेतलं आणि जेवण होईपर्यंत माझ्याकडे पाठ करून बसली.

पोटापाण्याचा उद्योगच असा आहे, त्याला मी तरी काय करू. मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट. एरवी संभाजीनगरात एका लहानशा केंद्रात बसते आणि आठवड्यातून एक दिवस जालना रोडने करमाडला जाते. तिथे लसीच्या दिवशी दवाखान्यातली मागची खोली मला मिळते. मुलं वयाप्रमाणे मान धरतात का, बसतात का, वस्तू पकडतात का, हे बघायचं आणि कुठे अडलेलं दिसलं तर वेळेत पुढे पाठवायचं, एवढंच काम. ऐकायला सोपं वाटतं. पण परीक्षा घ्यायला मुलांइतके बेभरवशाचे विद्यार्थी दुसरे नाहीत. घरी दिवसभर टाळ्या वाजवणारं पोर माझ्यासमोर आलं की ढिम्म बसतं आणि आई गळ्याची शपथ घेऊन सांगते, "घरी करतंय वो म्याडम, आत्ताच काय झालं काय की."

माझ्या पिशवीत खुळखुळा असतो, लाकडी ठोकळे असतात, एक पितळी वाटी असते आणि डबीभर मनुका. मूल चिमटीत मनुका उचलतं का ते पाहायचं आणि तोंडात जायच्या आत ती काढून घ्यायची. उरलेल्या मनुका परतीच्या वाटेवर मी खाते. शेंद्र्याच्या फाट्याला कंपन्यांच्या बसगाड्यांनी रस्ता अडलेला असतो, तिथे डबी संपते.

इतक्या वर्षांत एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यात गेलेली आहे. सगळे पायांचं विचारतात. कधी उभं राहील, कधी चालेल, शेजारणीचं तर पळायला लागलं. हातांचं कुणी विचारत नाही. हातांची आठवण होते ती फक्त जेवताना, आणि तेव्हाही प्रश्न एकच असतो, की घास कुठल्या हाताने घेतंय.

त्या दिवशी तोच प्रश्न माझ्या खोलीत आला. बाहेर लसीच्या रांगेत आवाज चढला होता. थोड्या वेळाने सिस्टरने दार ढकललं आणि एका आजीला व तिच्या सुनेला आत घातलं. "मॅडम, ह्या दोघींचं तेवढं मिटवा. रांगेत भांडायल्यात." सुनेच्या कडेवर एक गुबगुबीत मुलगी होती. तिचा डावा हात लुगड्याच्या मऊ फडक्याने कमरेशी बांधलेला होता आणि ती वैतागून मुसमुसत होती.

"पोरगी डावरी हाय वो म्याडम," आजी बसायच्या आधीच सुरू झाली. "समदं डाव्या हातानं. म्या हात बांधते, तर ही घरी आली का सोडिती. आशानं सवय मोडंल का?"

"सोडणारच," सून म्हणाली. तिच्या अंगात कंपनीचा निळा शर्ट होता, साडीवरून घातलेला. "डावरी असली तर असू द्या ना, आत्याबाई. मी बी डावरीच हाय. कंपनीत डाव्या हातानं पॅकिंग करते, डाव्या हातानं डबा खाते. कुणाचं काय अडलंय का?"

"कंपनीत कर काय करायचं ते. घरात बरी उजव्यानं जेवतीस."

"तुमच्यापायी जेवते."

हळूहळू घर कळलं. सासरा अजून मेंढरं राखत होता. मुलगा आणि सून दोघंही शेंद्र्याला कामाला, कधी सकाळची शिफ्ट, कधी दुपारची. मुलगी दिवसभर आजीपाशी. सुनेला लहानपणी तिच्या घरच्यांनी डावा हात पाठीमागे बांधून जेवायला बसवलं होतं. ते सांगताना तिने स्वतःचं मनगट दुसऱ्या हाताने धरलं. आपल्या लेकीचा हात कुणी बांधायचा नाही, असं तिने लेक जन्मायच्या आधीपासून ठरवलेलं होतं.

मी अर्थातच सुनेच्या बाजूची. डावखुरेपणावरचं माझं भाषण तोंडपाठ आहे आणि संधी मिळाली की मी ते सोडत नाही. डावरं असणं हा रोग नाही, खोड नाही, मेंदूची ती नैसर्गिक आवड आहे, हात बांधलात तर मूल बिथरेल, वगैरे. मी ते जोरात सुरू केलं आणि बोलता बोलता, जरा नाटकीपणानेच, फडक्याची गाठ स्वतः सोडली. मुलीचा डावा हात सुटला आणि लगेच माझ्या चष्म्याकडे आला. भाषण तसंच चालू ठेवून मी तिच्या उजव्या बाजूला खुळखुळा धरला. तिचा डावा हात अख्खं अंग ओलांडून आला आणि खुळखुळा घेऊन गेला. उजवा हात तिथेच होता, खुळखुळ्याच्या शेजारी, पण तो हललाही नाही.

माझं वाक्य अर्ध्यावर राहिलं.

"वय काय हिचं?" मी विचारलं.

"वरीस नाय भरलं अजून," आजी म्हणाली.

वर्ष भरायच्या आत कुठलंच मूल डावरं नसतं आणि उजवंही नसतं. त्या वयात जो हात जवळ, तो हात पुढे. आवडनिवड पुढची गोष्ट आहे. इतक्या लवकर एखादं मूल एकाच हाताने सगळं करतंय म्हणजे त्याला तो हात आवडतो असं नाही, दुसरा कामाला येत नाही, असा संशय धरायचा. मी मुलीला मांडीवर घेतलं. डाव्या हातात ठोकळा दिला, मग दुसरा दाखवला. तिने पहिला टाकला आणि त्याच हाताने दुसरा घेतला. पोटाला धरून तिला पुढे झुकवलं, तर डावा हात सतरंजीवर पसरला आणि उजवा छातीशीच राहिला. उजवी मूठ मी हलकेच उघडून पाहिली. अंगठा आत दडपलेला होता.

"जय जय कर बाय, म्याडमला जय जय करून दाव," आजी कौतुकाने म्हणाली. मुलीने डावा तळवा आणून उजव्या मुठीवर टेकवला. "आमची बाय अर्धाच जय जय करती. लई नखऱ्याची हाय." आजी हसली. सूनही हसली. मला काही हसता आलं नाही. काय सांगायचं ते कळलं होतं, कसं सांगायचं ते कळत नव्हतं, आणि अशा वेळी माझा आवाज उगाच करडा होतो.

"ती डावरी नाही," मी म्हणाले.

"बघ," आजी सुनेकडे वळली, "म्या काय म्हनत व्हते?"

"आजी, थांबा जरा. तिच्या उजव्या हातात जोर कमी आहे. तिच्या मेंदूला तो हात नीट सापडत नाहीये. म्हणून ती सगळं डाव्याने करते."

मुलगी माझी पितळी वाटी सतरंजीवर आपटत होती, डाव्या हाताने.

पुढे शहरातल्या मोठ्या डॉक्टरांकडे तपासण्या झाल्या. मेंदूच्या डाव्या भागात, उजवा हात जिथून चालतो तिथे, जन्माच्या आसपास कधीतरी लहानशी इजा झालेली होती. कामावरच्या मशीनमुळे झालं का, असं सुनेने विचारलं. पोटुशी असताना सून ग्रहणात भाजी चिरायला बसली होती, त्यामुळे झालं का, असं आजीने विचारलं. दोन्ही प्रश्नांना मी ठणकावून नाही म्हणाले, कारण ज्या घरात असं मूल असतं तिथे दोष शोधण्यातच महिने जातात आणि आम्हाला महिनेच हवे असतात. हात वापरायला लागायचं वय हेच. आत्ता तो पडून राहिला तर मेंदू त्याला हळूहळू विसरत जातो, मग आठवण करून देणं फार अवघड होतं.

आणि इलाज काय? इलाज असा, की रोज थोडा वेळ चांगला हात झाकून ठेवायचा आणि कमजोर हाताला खेळायला लावायचं. म्हणजे मी ज्या हाताची गाठ मोठ्या थाटात सोडली होती, तोच हात आता मलाच अडवायला सांगायचा होता. हे मी करमाडच्या त्याच खोलीत, त्याच दोघींपुढे सांगितलं.

"म्या तेच करत व्हते की!" आजी जवळजवळ उठून उभी राहिली.

माझं डोकं फिरलं. "तेच नव्हतं, आजी. तुम्ही घासासाठी बांधत होतात आणि रागावत होतात. ती रडत होती. रडून रडून उजवा हात शिकला का काही? इथे रागवायचं नाही. मऊ पिशवी घालायची, खेळायचं, रडली की काढायची. आणि आई किंवा तुम्ही समोर बसायचं, उठून जायचं नाही."

सून मात्र खाली बघत बसली होती. "दुसरं काय बी सांगा, म्याडम," ती म्हणाली. "हे नाय करणार मी." तिने लेक उचलली आणि निघून गेली. आजी तिच्या मागे गेली. मी मनुकांची डबी बंद करून पिशवीत टाकली. सुनेचा राग येत नव्हता. तिच्या जागी मी असते तर मीही उठून गेले असते, आणि तरी मला हवं होतं की तिने परत यावं.

पुढच्या लसीच्या दिवशी ती आली. एकटी, कडेवर लेक. कंपनीत मिळणाऱ्या सुती हातमोज्याला कापून, आतून मऊ कापड लावून तिने एक चिमुकली पिशवी शिवली होती आणि तिच्यावर रंगीत दोऱ्याने डोळे आणि मिशा काढल्या होत्या.

"माझा हात चांगला व्हता, तो बांधला," ती म्हणाली. "हिचा दुसरा उठवायचाय. ते येगळं हाय. समजलं मला. पण आमच्या घरात बांधायचं असं कुणी म्हनायचं नाय. आत्याबाईंना बी सांगितलंय. आमी शिफ्ट म्हनतो. डाव्याला सुट्टी, उजव्याची शिफ्ट."

मी आजवर आईबापांना किती तरी शब्द शिकवले आहेत, पण हा एक शब्द मी तिच्याकडून घेतला आणि अजून वापरते. हात बांधला म्हटलं की मूल सोडा, मोठ्यांच्याही अंगावर येतं. शिफ्ट म्हटलं की त्यात संपण्याचा भरवसा असतो, कुणाचीही शिफ्ट कायमची नसते.

सुनेची दुपारची पाळी असली की ही शिफ्ट आजीच्या अंगावर यायची. मला त्याचीच काळजी होती. पण सुनेने मोबाइलवर व्हिडिओ पाठवला आणि मी केंद्रात सगळ्यांसमोर खो खो हसले. आजी मांडी घालून बसली होती. नातीच्या डाव्या हाताला मिशीवाली पिशवी होती, समोर उपड्या वाट्या होत्या आणि उजव्या हाताने त्या पाडायच्या होत्या. तीन-चार पडल्या तशी मुलगी कुरकुरायला लागली. आजीने लगेच तोंडाला हात लावून "भोंऽऽ" असा कंपनीचा भोंगा काढला, पिशवी ओढून काढली आणि ओरडली, "सुटली शिफ्ट! चला घरला!" मुलगी खिदळत होती. जिने फडकं बांधलं होतं तीच ही बाई, हे मला पुन्हा पुन्हा बघून पटवून घ्यावं लागलं.

तरी मधले दिवस कठीण गेले. मूठ वाट्या पाडायची, पण उघडायची नाही. मी उलटीपालटी करून थकले, चोळून थकले, घरी नवऱ्यावर खेकसले. मग एक दिवस दुसरा व्हिडिओ आला. अंगणात मुलगी बसलेली आणि एक कोकरू तिच्या उजव्या मुठीला आईचं आचळ समजून लुचत होतं. मुलगी गुदगुल्यांनी हसत सुटली, आणि हसता हसता तिची बोटं एकेक करून उघडली. कोकराच्या नाकाभोवती ती जरा वेळ तशीच राहिली. त्यामागे आजीचा आवाज होता, "उघडली! अगं माय, उघडली!" मीही खुर्चीतून उठले होते.

त्यानंतर आजी करमाडला आली ती फार खुशीत. चिमटीत नाही, पण पंजात आता मुलगी ठोकळा धरत होती. ठोकळा परत घेताना आजीने विचारलं, "म्हंजी आता घास उजव्या हातानं घेईल ना वो?"

हा प्रश्न कधीतरी येणार हे मला माहीत होतं. आजीचा सगळा भोंगा, सगळ्या वाट्या, सगळे हेलपाटे ह्या एका घासासाठी होते. खोटं बोलणं सोपं होतं, पण ते मला जमलं नाही. मी सांगितलं की उजवा हात आता हात होईल. धरेल, टेकेल, दाबेल, आधार देईल. पण तो मदतीचा हात राहील. लिहिणं, बारीकसारीक काम, घास, हे बहुतेक डाव्याचंच राहील.

"म्हंजी डावरीच," आजी म्हणाली.

"व्हय," मी म्हणाले. का कोण जाणे, तिच्याच भाषेत म्हणाले.

आजीने नातीला उचललं आणि गेली. पुढच्या लसीच्या दिवशी कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्या वेळीही नाही. व्हिडिओ थांबले. सुनेने फोनवर एवढंच सांगितलं की पाळी बदलली आहे, सवड नाही, घरी बघते आत्याबाई. घरी काय बघते, हे विचारायची माझी छाती झाली नाही. मला सारखं ते लुगड्याचं फडकं दिसायचं. सिस्टरला त्यांच्या घरी पाठवलं तर चिडतील, नाही पाठवलं तर मुलीचे महिने जातील, असं मनात घोळवत मी ते टाळत राहिले. शेवटी एका दुपारी स्वतःच गाडी वळवली.

करमाडहून शेंद्र्याकडे येताना रस्ता सोडून आत त्यांचं पत्र्याचं घर आहे. एका बाजूला काटेरी कुंपणात मेंढरं, दुसऱ्या बाजूला कंपन्यांच्या निळ्या भिंती. दार उघडं होतं. आजी चुलीपुढे भाकरी थापत होती. मला बघून तिने फक्त "या" म्हटलं आणि कोपराने पाट सरकवला. मुलगी आता चालत होती, उजवी टाच जराशी उचलून. ती भिंतीला धरत माझ्यापर्यंत आली, पिशवीत हात घातला आणि पितळी वाटी ओळखीने काढून घेतली.

"शिफ्ट चालूच हाय," आजी तव्याकडे बघत म्हणाली. "रोज. म्या खाडा नाय केला." मग जरा थांबून, "यायला मन लागत नव्हतं, एवढंच."

तिने चतकोर भाकरी फुंकून निववली आणि ताटलीत नातीपुढे ठेवली. मुलगी ताटलीपुढे बसली. तिने उजवा हात भाकरीवर ठेवला. पुरता पसरलेला नव्हता तो, बोटं अर्धी वळलेली होती, पण त्याच्यावर तिने आपला सगळा भार टाकला आणि भाकरी दाबून धरली. डाव्या हाताने तुकडा तोडला. भाकरी तोडायला दोन हात लागतात हे मी आयुष्यभर बघत आले होते, पण त्या दिवशी मला भडभडून आलं.

तेवढ्यात सून सकाळच्या पाळीवरून परतली. तिने दारात चपला काढायला पाय उचलला आणि ती तशीच थांबली. कारण मुलीने तो तुकडा स्वतःच्या तोंडात घातला नव्हता. तो तिने आजीपुढे धरला होता, डाव्या हातात.

आजीचे दोन्ही हात पिठाने भरलेले होते. तिने त्या चिमुकल्या हाताकडे पाहिलं. मग भाकरीवर टेकलेल्या उजव्या हाताकडे पाहिलं. आणि वाकून तोंड उघडलं.

घास चावता चावता ती मला म्हणाली, जणू मीच काही विचारलं होतं, "उजवा ड्युटीवर हाय ना तिचा. मग ह्योच मोकळा."

सून आत आली. चपला, शर्ट, पिशवी सगळं जागच्या जागी ठेवून तिने हात धुतले आणि लेकीशेजारी बसली. आजीने तिच्यापुढे भाकरी टाकली. क्षणभर ती भाकरीकडे बघत राहिली, मग सासूच्या देखत तिने डाव्या हाताने तुकडा मोडला. आजीने ते पाहिलं. मीही आजीकडे पाहत होते.

"कालवन वाढून घे," आजी म्हणाली, आणि तिने पुढची भाकरी थापायला घेतली.